सरकून बसायचे बाकडे

मी एक जुने सागवानी बाकडे आहे, मित्रांनो. मला पाठ आहे, चार पाय आहेत, पण हात नाहीत. लोकांना वाटते, ते कधीतरी मोडले असतील. मोडले नाहीत. ते लावलेच नव्हते, आणि माझी सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

सिल्लेवानीच्या घाटातले लाकूड, सौंसरच्या देवीदास सुताराचे कसब आणि साल एकोणीसशे ऐंशी. मनोहर नावाचे तरुण डॉक्टर तेव्हा मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात, स्टेशनच्या वाटेवर दवाखाना उघडत होते. देवीदासला मला दोन्ही बाजूंनी नक्षीचे हात लावायचे होते. डॉक्टर म्हणाले, "हात नको लावू, देवीदास. लोकायले सरकाले अडचण होते."

डॉक्टर बोरगावच्या शेतमजुराचे पोर. लहानपणी त्यांना ताप भरला, तेव्हा आई त्यांना कडेवर घेऊन एका दवाखान्यापुढे दिवसभर उभी होती. मागून आलेले आत जात होते, औषध घेऊन परतत होते, आणि दिवेलागण झाली तरी तिला कोणी बोलावले नव्हते. हे त्यांनी एकदाच, कंपाउंडर तुळशीरामला सांगितले. मी तिथेच होते, म्हणून मला ठाऊक.

तर आमच्या दवाखान्याचा नियम असा. डॉक्टरांच्या दाराकडचे टोक म्हणजे पहिला नंबर. माझ्यावर सहा जण मावतात; पहिला आत गेला की उरलेले पाच जण सरकायचे. आपला नंबर दुसऱ्याला देता येईल, पण कोणाचा घेता येणार नाही. उभ्या माणसाला नंबरच नाही.

रघुनाथराव हे संत्र्याचे बडे व्यापारी. ते शेतमजुरांच्या शेजारी बसायला तयार नव्हते. तीन दिवस आले, तीन दिवस उभे राहिले आणि तसेच परत गेले. चौथ्या दिवशी मुतखड्याने त्यांना कंबरेत वाकवले, तेव्हा ते कण्हत शेवटच्या टोकाला टेकले. पहिल्या टोकाला सुखदेव नावाचा मजूर बसला होता. त्याने उठून आपला नंबर त्यांना दिला आणि स्वतः मागे जाऊन बसला. त्यानंतर रघुनाथराव कधी उभे राहिले नाहीत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होई, तेव्हा तर माझा थाट बघायचा. पांढुर्ण्याचे आणि पलीकडच्या सावरगावचे, एकमेकांवर दगड फेकून आलेले, फुटकी डोकी धरून माझ्यावर मांडीला मांडी लावून बसत आणि एकमेकांचे टाके मोजत. एरवी माझ्यावर आया बसत. त्यांची लेकरे माझ्या कडेला दात शिवशिवले की चावत. त्या बारीक खुणा अजून आहेत. मला त्या देवीदासच्या नक्षीपेक्षा जास्त शोभतात.

चौऱ्याऐंशी साली लोकांनीच डॉक्टरांना निवडणुकीला उभे केले. रघुनाथरावांनी आपला संत्र्याचा ट्रक दिला आणि त्यावर चढून मीसुद्धा प्रचाराला निघाले. जामसांवलीपासून बोरगावपर्यंत डॉक्टर माझ्यावर उभे राहून बोलले. दर वेळी आधी चप्पल काढत. भाषण छोटेसेच असे. शेवटी म्हणत, "तुमच्यासाठी दिल्लीलेही नंबर लावून बसतो. पण इथला नंबर मोडणार नाई."

ते निवडून आले. आणि मित्रांनो, तिथेच माझे दिवस फिरले.

खासदारांच्या घरी बाकडे बरे दिसत नाही, असे रघुनाथरावांनी ठरवले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत होता, तिथे त्यांनी सोफा आणला. मला मागच्या अंगणात, सरपणाच्या खोलीपुढे ठेवले. डॉक्टर महिन्यातून दोन दिवस येत आणि माणसांच्या गराड्यातच परत जात. पुढच्या दारात काय बदलले, ते त्यांना दिसले नसावे. माझ्यावर डॉक्टरांच्या पत्नी सुशीलाबाई कुरड्या वाळत घालत. असे दोन उन्हाळे गेले.

दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. डॉक्टर सकाळच्या गाडीने आले होते. पुढच्या खोलीत मोठी मंडळी बसली होती. बोरगावची चंद्रकला आपल्या दीड वर्षांच्या इंदूला घेऊन आली. लेकराला आदल्या दिवसापासून जुलाब आणि ओकाऱ्या. कोणीतरी तिला "थांबा" म्हणाले. ती बाहेर उन्हात थांबली. मग तिने मला शोधायला सुरुवात केली. घराला वळसा घालून ती मागे आली, मला पाहिले आणि तिचा चेहरा एकदम निवला. बाकडे जिथे, डॉक्टर तिथे, हेच तिला माहीत होते. माझ्यापुढे एक बंद दार होतेच. त्या दाराकडच्या टोकाला ती बसली. तिला पाहून सुखदेव आपला अर्ज घेऊन तिच्या शेजारी बसला. मग आणखी चौघे आले. सहा माणसे, नंबरवार, सरपणाच्या खोलीच्या दाराकडे डोळे लावून बसली.

एक तास गेला. मला हात नसल्याचे कधी दुःख झाले नाही, पण त्या दिवशी तोंड नसल्याचे झाले. इंदू आधी जोरात रडत होती. मग बारीक रडू लागली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी येईनासे झाले. मग ती गप्पच झाली. चंद्रकलेला वाटले, झोपली.

सुशीलाबाई सरपण न्यायला आल्या आणि जागीच थबकल्या. "इथं काऊन बसल्या, बाई?"

"नंबर लावून बसून राहिलो जी. डॉक्टरसाब दार उघडून नाई राहिले अजून."

सुशीलाबाईंनी त्या दाराकडे पाहिले. त्या हसल्या नाहीत. आल्या पावली आत धावल्या.

डॉक्टर अनवाणी आले. त्यांनी इंदूच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली; अंगातले पाणी आटले होते. त्यांनी एवढेच म्हटले, "तुळशीराम, सलाईन." बाटली लिंबाच्या फांदीला टांगली. चिमुकल्या हाताची शीर सापडायला वेळ लागला, तोवर चंद्रकला चमच्याने मीठ-साखरेचे पाणी पाजत राहिली. लेकरू माझ्यावर निजले होते आणि खासदार माझ्यापुढे मातीत गुडघे टेकून बसले होते. रघुनाथराव येऊन सांगून गेले, की भोपाळची मंडळी खोळंबली आहे. डॉक्टरांनी मान वर केली नाही.

उन्हे कलली. आणि मग माझी फळी एकदम ओली झाली. इंदूने लघवी केली होती. चंद्रकला ओशाळून पदराने पुसू लागली, तर डॉक्टर हसले. "राहू दे, राहू दे. हेच पाहून राहिलो होतो. जगली पोरगी." एवढा मान मला निवडणुकीतही मिळाला नव्हता.

रघुनाथराव पुन्हा आले, तेव्हा डॉक्टर उठून म्हणाले, "मी म्हटलं होतं, इथला नंबर मोडणार नाई. अन् हे लोकं सरपणाच्या दारापुढं नंबर लावून बसले. चूक त्यायची नाई, माही हाय. धरा तिकडून." दोघांनी मला उचलले आणि पुढच्या दारात आणून ठेवले. रघुनाथराव घामाघूम झाले होते. ते माझ्या शेवटच्या टोकाला बसले आणि नवा माणूस आला तसे सरकले.

पुढे तुळशीरामने एकदा विचारले, दिल्लीत बसायला काय असते. डॉक्टर म्हणाले, "बाकडेच हायेत. मऊ गादीचे. पण तिथं कोणी सरकत नाई." तरी ते तिथे पुन्हा पुन्हा उठून आजारी लेकरांच्या सोयीचा एकच प्रश्न विचारत राहिले, आणि चौथ्या वर्षी आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात लहान मुलांसाठी दहा खाटा आल्या.

एकोणनव्वद साली ते हरले. सोफा संध्याकाळपर्यंत रिकामा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर बाहेर आले. कोणी येणार नाही असे त्यांना वाटले असावे, कारण ते खाली मान घालून माझ्या शेवटच्या टोकाला बसून राहिले. दाराकडच्या टोकाला चंद्रकला आधीपासूनच होती, आणि पाच वर्षांची इंदू पाय हलवत बसली होती.

चंद्रकला म्हणाली, "इथं काऊन बसले, डॉक्टरसाब? अंदर चाला न. पह्यला नंबर माहाच हाय."

डॉक्टर उठले. आत जाऊन त्यांनी दार उघडे ठेवले.

मित्रांनो, आता माझ्या एका पायाखाली वीट आहे. मला रंगरंगोटी नको. पावसात भिजू देऊ नका, खिळ्याने नावे कोरू नका, इतकेच. आणि माझ्यावर बसलात, मागून कोणी थकलेली आई लेकरू घेऊन आली, तर तिने मागायच्या आधीच थोडे सरका. फळी गुळगुळीत आहे. सरकायला काही त्रास होत नाही.