धाकट्याचे दात

ताई माणसं ओळखायची ती दातांवरून. रस्त्यात कोणी हसून "काय, बरं आहे ना?" म्हणालं की ती आधी वरची ओळ बघायची, मग खालची, आणि मग कुठे तिच्या लक्षात यायचं की हे तर आपले चुलत सासरे. तिचा कवळ्या बनवायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घराच्याच पुढच्या दोन खोल्या. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवायचे, ताई त्यावरून प्लॅस्टरचा साचा करायची, मेणात एकेक दात बसवायची, आणि शेवटी गुलाबी हिरड्यांची चकचकीत कवळी तयार व्हायची. भिंतीवरच्या फळ्यांवर जबडेच जबडे. नवीन माणूस दारातच थबकायचा. घरातल्यांना मात्र त्यांच्यासमोर बसून जेवायची सवय होती.

ताईच्या हाताखाली दोघं. तिचे यजमान, म्हणजे दाजी, स्कूटरवरून डॉक्टरांकडे माल पोचवायचे. आणि तिचा धाकटा भाऊ पॉलिशच्या मोटारीवर बसायचा. नुसता बसायचा म्हटलं तरी चालेल. तिशी उलटली तरी त्याच्या अंगातला आळस जागचा हलला नव्हता. आई-वडील लवकर गेले, ताईनंच त्याला लहानाचं मोठं केलं, त्यामुळे त्याला बोलायचा हक्क तिनं स्वतःपाशीच ठेवला होता. दाजींनी तोंड उघडलं की ती म्हणायची, "राहू द्या हो, लहान आहे अजून."

तर हा लहान मुलगा एकाएकी कामाला लागला. सकाळी ताई कारखाना उघडायला जाई तर हा आधीच मोटारीवर. झोपलास की नाही विचारलं तर म्हणे, "झोपेत वेळ किती फुकट जातो गं." बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. कवळ्यांचा धंदा कुठल्या कुठे न्यायचा याच्या योजना तो दाजींना ऐकवायचा, आणि दाजी हेल्मेट घालून ऐकायचे, कारण निघायची संधी कधी मिळेल याचा नेम नसायचा.

"याला खायला काय घालतेस तू?" दाजींनी एकदा कौतुकानं विचारलं.

"काही नाही हो. खातच नाही तो."

दोघांनाही याचा आनंद झाला, हे आज सांगताना त्यांना लाज वाटते, पण झाला. आळशी माणूस सुधारला की घरचे कारण विचारत नाहीत. नजर लागेल म्हणून गप्प बसतात.

पुढं त्याच्या कामात थोडी गंमत यायला लागली. एक दाढ हातात घेतली की तो तिला पॉलिश करतच राही. दुपार उलटायची, दाढेचा साबुदाणा व्हायचा, आणि शेवटी बोटात काहीच उरायचं नाही. एका आजींच्या कवळीत त्यानं पुढच्या दातांच्या जागी सगळ्या दाढा बसवल्या. दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. आजींना चावायला मजा येते म्हणे, पण नातवंडं जवळ येत नाहीत. ताईनं माफी मागून नवी कवळी पाठवली.

मग धाकटा दात खायला लागला. कोणावर नव्हे, आपलेच, एकमेकांवर घासून. जबडा सतत चालू. आता दुसऱ्या एखाद्या घरात म्हणाले असते, पोराला झालंय काय. पण हे घर कवळ्यांचं. ताईनं त्याच्या तोंडाचं माप घेतलं आणि दातांवर बसवायला एक सुंदर पारदर्शक गार्ड करून दिला. चार दिवसांत त्यानं चावून त्याला भोक पाडलं. ताईनं त्याहून कडक केला. तोही गेला. तेव्हा ती काळजीत पडली, पण कसली काळजी, तर आपलं मटेरियल हलकं निघतंय याची. दुकानदाराला तिनं फोनवर असा झापला की बिचाऱ्यानं सगळा माल बदलून दिला.

त्याच्या तोंडाला सारखी कोरड पडायची. बाटल्यांवर बाटल्या गोड सरबत पिऊनही ती जात नव्हती. हिरडीपाशी दात काळे पडले, मग पुढचे दोन तुटले. अंगावरचं मांस उतरलं, विजार कमरेवर टिकेना. हातांवर खाजवून खाजवून जखमा झाल्या. कातडीखाली किडे फिरतात, असं तो म्हणायचा. ताईनं मलम आणलं, पट्टा आणला आणि दातांचं तर सोनं केलं. ओळखीच्या डॉक्टरांकडून उरलेले सगळे किडके दात काढवून घेतले, आणि त्याच दिवशी बसवायला स्वतः बसून त्याच्यासाठी वरचा-खालचा असा सेट केला की तिच्या उभ्या आयुष्यात तसं काम झालं नव्हतं. रंग असा जुळवला की बघणाऱ्याला शंका येऊ नये. बाकीचा माणूस वाळून काटकी झाला होता, पण हसला की वाटायचं, वा, काय तब्येत आहे.

आणि एका दुपारी ताई बाजारातून आली तर फळीवरच्या सगळ्या कवळ्यांची तोंडं भिंतीकडे. पॉलिशची मोटार स्क्रूगणिक सुटी होऊन जमिनीवर पसरलेली. मधोमध धाकटा, घामानं डबडबलेला. दाजी त्याच्यासमोर उकिडवे बसून त्याला पटवून देत होते.

"अरे, त्या कवळ्या आहेत. त्या कशा बोलतील? बोलायला जीभ लागते."

धाकट्यानं यावर खरोखर विचार केला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तेच तर म्हणतोय दाजी. जिभा कुठं लपवल्यात?"

दाजींनी नकळत टेबलाखाली पाहिलं. ताईला हसू फुटलं. तेवढ्यात धाकट्यानं छाती धरली आणि मोटारीच्या स्क्रूंवरच आडवा झाला.

हॉस्पिटलमधली डॉक्टरीण वयानं लहान होती आणि तिला घाई होती. धाकट्याची नाडी तिनं दोनदा मोजली, कारण पहिल्यांदा तिचाच विश्वास बसला नाही. रक्तदाब वर चढलेला, अंग तापलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या फाकलेल्या. मग तिनं टॉर्च लावून त्याचं तोंड उघडलं आणि कोड्यात पडली.

"एक शंका होती, पण दात तर उत्तम आहेत याचे," ती म्हणाली. "अगदी छान."

"मी केलेत," ताई म्हणाली. तिच्या तोंडून ते निघूनच गेलं. एवढ्या गडबडीतही तिला बरं वाटलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही केलेत म्हणजे? याचे स्वतःचे कुठे गेले?"

ताई सांगायला लागली. आधी दात खायचा. मग गार्ड. मग कडक गार्ड. मग कोरड, कीड, तुटणं. मग जखमा, मलम, पट्टा. एकेक गोष्ट तिनं किती झटपट निस्तरली ते ती सांगत गेली, आणि सांगता सांगता तिचा आवाज खाली येत गेला, कारण सगळं एका ओळीत तिनं प्रथमच ऐकलं होतं. दाजींनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

लघवीची तपासणी झाली. मेथ निघालं, म्हणजे मेथॅम्फेटामिन नावाची कडक नशा. काचेच्या खड्यांसारखं दिसतं ते. धाकटा वर्षभर ते ओढत होता.

हृदयाचे ठोके ताब्यात आले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोघांना जवळ बसवलं. म्हणाल्या, मेंदूत आनंदाचं एक रसायन थोडं थोडं झिरपत असतं. हे मेथ त्याचा अख्खा हौद एकदम उपसतं, म्हणून ती न झोपता कामं, ती बडबड. पुढं पुढं ते रसायन सोडणारे धागेच खराब होतात. मग साध्या गोष्टीत मन रमत नाही, आठवण दगा देते, नसलेलं दिसतं, ऐकू येतं. तोंड सुकून दात किडतात, एरवी त्यावरूनच ओळखू येतं. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो. आज थोडक्यात निभावलं.

"पण भरून येईल ना?" ताईनं विचारलं.

"बरंचसं येतं. सगळंच येईल असं नाही सांगता येत. वर्ष, दीड वर्ष, जास्तही. आणि मेथला पुन्हा हात लावायचा नाही. आमच्याकडे व्यसनमुक्तीचा वॉर्ड आहे."

वॉर्ड म्हटल्यावर ताईचा पदर खोचला गेला. नको, नको. चारचौघांत कशाला? मागची खोली रिकामी करू, बाहेरून कडी लावू, वेळेवर चारीठाव जेवण घालू. मटनाचा रस्सा नाही मानवला तर खिमट देऊ. कोणी विचारलं तर कावीळ झाली म्हणून सांगू. कावीळ लांबते, कोणाला संशय येत नाही. दाजीही मान डोलवायला लागले.

"ताई," पलंगावरून आवाज आला.

धाकटा जागा होता. सलाईन लावायच्या आधी नर्सनं त्याचे दात काढून वाटीत ठेवले होते, त्यामुळे त्याचं तोंड आत बसलं होतं, आणि तिशीतला तो माणूस सत्तरीचा दिसत होता. असा त्याला ताईनं कधी पाहिला नव्हता. पाहायची वेळच तिनं येऊ दिली नव्हती.

ती लगबगीनं वाटी घेऊन त्याच्याकडे गेली. त्यानं हात आडवा केला.

"नको. मला घरी नेऊ नकोस."

"असं काय बोलतोस? मी आहे ना. मी सगळं नीट करीन."

"म्हणूनच," तो म्हणाला. दातांवाचून त्याचे शब्द फुसफुसत होते, तरी कळत होते. "तू मला इतकं नीट करशील, की कोणाला कळणारच नाही. मी परत ओढीन ताई. मला माहीत आहे. आणि तू नवे दात करशील."

ताईला त्याचा राग आला, स्वतःचा आला, आणि मग रडू आलं. वाटी हातातच राहिली. दाजी काहीतरी बोलायला निघाले होते, तिनं हातानंच थांबवलं. मग ती डॉक्टरीणबाईंकडे वळली.

"ठेवून घ्या याला," ती म्हणाली, "आणि मी न्यायला आले, तर देऊ नका."