आवाज वाढव

मंगळवारच्या बैठकीत आधी खुणा सांगायच्या, नाव शेवटी घ्यायचं, हा नियम तिनेच घालून दिला होता. नाव आधी आलं की माणसं घराण्याबद्दल बोलत बसतात, जखमेबद्दल नाही. पूर्वी मार खाल्लेली बाई दवाखान्यातून चौकीवर, चौकीवरून कोर्टात अशी वणवण फिरायची आणि कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नसायचा. आता तिच्या पुढाकाराने सगळे एका टेबलाभोवती बसत. चहा मात्र अजूनही पाणचटच होता.

नर्सबाई म्हणाल्या, "मनगट मोडलेली बाई आली होती. जिन्यावरून पडले म्हणाली. पडल्यावर हाड असं पिळल्यासारखं मोडत नाही हो. नाव, पत्ता, दोन्ही खोटं निघालं."

फौजदार म्हणाले, "आमच्याकडे एका शेजाऱ्याची तक्रार, टीव्ही फार मोठ्याने लावतात म्हणून. गेलो. घरातले साहेब इस्त्रीच्या शर्टात बाहेर आले, माफी मागितली, पाणी विचारलं. इतका गोड माणूस की मलाच ओशाळल्यासारखं झालं. प्रकरण मिटवून टाकलं."

शाळेतल्या बाईंना बोलू की नको असं झालं होतं. "माझं तसं फार काही नाही. वर्गात दोन पोरं भांडायला लागली, तर पहिलीतली एक मुलगी धावत गेली आणि स्पीकरचा आवाज वाढवला. अगदी पूर्ण. मग भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. विचारलं तर म्हणते, बाबा असंच करायला सांगतात."



ती लहान असताना आईवर हात उगारण्याआधी तिचे वडील, अण्णा, म्हणायचे, "पोरी, रेडिओचा आवाज वाढव." आणि ती वाढवायची. धाकटा भाऊ तिचा फ्रॉक घट्ट धरून उभा असायचा. तिला वाटायचं, तो भितोय. मेला शिकत होता! अण्णा जाऊन किती वर्षं झाली, पण अजूनही दुकानात एखादं गाणं एकदम मोठं झालं की ती जागच्या जागी थिजायची आणि गाण्यामागे आईचा आवाज शोधत राहायची. भावाची मुलगी त्याच शाळेत पहिलीत होती. भावजय हल्ली फोनवर येत नव्हती. बरं नाही म्हणे.

"तिन्ही वेगवेगळी प्रकरणं दिसतायत," फौजदार म्हणाले. "पुढचं घ्यायचं का, मॅडम?"

हो म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. भाऊ सुटला असता, भावजय तशीच राहिली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता. अळीमिळी गुपचिळी करण्यात त्यांचं घराणं पहिल्यापासून पटाईत. खुर्चीमागे अण्णा उभे होते. घरातलं चार लोकांत काढायचं नाही, असं ते इतकं स्पष्ट म्हणाले की ती वळून बघणार होती.

"तिन्ही एकाच घरातली आहेत," ती म्हणाली. "माझ्या भावाच्या."

तिने खुर्ची सोडली, नर्सबाईंनी बैठक हातात घेतली आणि तिला बाहेर बसवलं. दुपारी महिला पोलीस आणि बायकांच्या निवाऱ्याची गाडी एकदमच त्या दारात गेली. भावाला कचेरीतून उचललं. चौकीत तो हसतच होता म्हणे. ताईला बोलवा, ती बघून घेईल, असं सगळ्यांना सांगत होता.

संध्याकाळी निवाऱ्याच्या खोलीत भावजय प्लास्टर घातलेला हात मांडीवर घेऊन बसली होती. मुलगी तिला टेकून झोपली होती. ती भावजयीसमोर बसली.

"अगं, दवाखाना, चौकी, शाळा, सगळ्यांना एकत्र आणलं मी," ती म्हणाली. "एकाला तरी खरं सांगायचंस!"

"कसं सांगू, ताई?" भावजयीने वर पाहिलं नाही. "हे रोज म्हणायचे, जा, हवं तिथे जा. जाशील तिथलं सगळं माझ्या बहिणीच्या टेबलावर येतं. खोटं नाव मी ह्यांच्यापासून नाही, तुमच्यापासून लपायला दिलं होतं."