वाव्रांच्या घराचा बोल्ट

मित्रांनो, मी एक बोल्ट आहे. जुना, गंजलेला आणि आता निम्माच. माझा खालचा वाकडा भाग नेब्रास्कातल्या एका शेतात, काँक्रीटच्या भिंतीत अजून रुतलेला आहे. तुमच्याशी बोलतो आहे तो वरचा तुकडा.

माझ्याबरोबर पुष्कळ भावंडे होती आणि प्रत्येकाला आपापला नट होता. डेल्मर ह्रुस्का या सुताराने आम्हाला लेलंड वाव्राच्या नव्या घराच्या भिंतीत ओळीने उभे केले. आमच्या डोक्यांवरून लाकडी पाट्या खाली बसवल्या. आता नट आवळले की घर पायाला बांधले जाणार होते. आमचा जन्मच त्यासाठी होता.

त्या दिवशी पाऊस भरून आला होता. लाकूड भिजेल म्हणून डेल्मर घाईत होता. लेलंड म्हणाला, "तू पुढचं काम घे डेल्मर. नट मी आवळतो. माझ्या घराला माझाही हात लागू दे की."

घर उभे राहिले, पडदे लागले. नटांचा डबा मात्र तळघरातल्या फळीवरच राहिला. लेलंड त्याच्याकडे बघून "रविवारी करू" म्हणायचा. डेल्मरने कधी खाली उतरून पाहिले नाही. तेवढी चूक त्याचीही आहे. पुढे लेलंडची बायको वर्ना तो डबा सहलीला नेऊ लागली. आमच्याकडे वारा फार. टेबलावरचा कपडा उडू नये म्हणून ती त्याच्या कोपऱ्यांवर नट ठेवायची.

मग एका मे महिन्यात आभाळातून टोर्नेडोची सोंड उतरली. नवराबायको तळघरात आली. लेलंड रेडिओ आणायला वर गेला, आणि तेवढ्यात डोक्यावरची टोपी काढावी तसे घर आमच्यावरून निघून गेले. लेलंड त्याच्याबरोबर गेला. मी जागचा हललोही नाही. मी कशालाच धरलेले नव्हते.

गावातल्या कॅफेत हवामानाचा नाद असलेल्या मंडळींची बैठक भरत असे. ढगांवर वाद घालायचे, इशारे मोठ्याने वाचायचे, बर्फ किती इंच पडेल यावर पैजा लावायच्या. धान्याच्या कोठारावरून निवृत्त झालेला मिलार्ड त्यांचा म्होरक्या होता. डेल्मरही त्यांच्यातलाच. टोर्नेडो किती मोठा हे मोडतोड पाहून ठरवतात, शून्य ते पाच. मंडळींना चारची आशा होती. पण पाहणी करणारे साहेब आले, आम्हा उघड्या बोल्टांसमोर बसले आणि त्यांनी दोन लिहिले. नट नसलेले घर उडवायला मोठा वारा लागत नाही, असे ते म्हणाले.

मंडळींना याचे फार दुःख झाले. लेलंडच्या दफनानंतर चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच खाताना त्यांचे बोलणे त्या आकड्याचेच होते. "चारचा होता. सरळ चारचा," मिलार्ड म्हणाला. "आपल्या डेल्मरने दोनवर आणला."

शेजारच्या टेबलाशी वर्ना काळ्या पोशाखात बसली होती. डेल्मरने तिच्याकडे पाहिले आणि लेलंडचे नाव घेतले नाही.

मिलार्डने मला करवतीने कापून कॅफेत आणले. ज्याचा अंदाज चुकेल त्याच्यापुढे मला ठेवायचे, असा नियम झाला. थोड्याच दिवसांत मी कायमचा डेल्मरपुढे राहू लागलो. अंदाज त्याचा बरोबर आला तरी. तो खुर्चीवर बसू लागला की कुणीतरी म्हणे, "जपून रे, तूच ठोकलेली नाही ना ती?"

जानेवारीत हिमवादळाचा इशारा आला. मिलार्डने तो वाचून दाखवला आणि हसला. इशारे देणारे घाबरट असतात, चार इंच पडेल, असे त्याचे मत. डेल्मर म्हणाला, "फूटभर तरी पडेल आणि वर वारा. मी वर्नाला आमच्याकडे घेऊन जातो." टोर्नेडोनंतर वर्ना त्याच शेतात, ट्रकवरून आणून ठेवलेल्या पातळ भिंतींच्या घरात राहत होती. ती तेव्हा कॅफेत कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, द्यायला आली होती, खसखशीचे आणि जर्दाळूचे.

मागच्या दोन पैजा मिलार्ड डेल्मरशी हरला होता. त्याने मला उचलून वर्नापुढे धरले. "मिसेस वाव्रा, याच्या घरी जाण्याआधी हे बघून घ्या. याने नट लावले नाहीत. तुमचं घर त्यानेच गेलं. नवराही."

वर्नाने डेल्मरला विचारले, "खरं आहे?"

डेल्मर कपात बघत राहिला. "नट नव्हते, वर्ना. एवढं खरं आहे."

तिने मला पिशवीत टाकले आणि ती निघून गेली.

वादळ आले. वीज गेली. वर्ना कोट घालून स्वयंपाकघरात बसली होती, मी टेबलावर होतो. कुंपणाच्या तारेला धरत, घसरगाडीवर जळण ओढत डेल्मर आला आणि त्याने दार ठोठावले.

"जा, डेल्मर," ती आतून म्हणाली. "तुझं तोंड मला बघायचं नाही."

मित्रांनो, एका वाक्याने ते दार उघडले असते. मी त्या वाक्याची वाट पाहिली. डेल्मरने घसरगाडीची दोरी सोडली. मग म्हणाला, "लाकडं पायरीवर ठेवतो. दाराच्या फटीला घोंगडी लाव." आणि तो गेला.

तिने घोंगडी लावली. वाऱ्याने ती सरकू लागली, म्हणून वजनाला तिने जुन्या तळघरातून आणलेला डबा फळीवरून काढला आणि नट टेबलावर ओतले. तिचा हात थांबला. तिने एक नट उचलून माझ्यावर ठेवला आणि फिरवला. गंज कुरकुरला, पण नट खाली उतरत गेला आणि घट्ट बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझा नट भेटला. "रविवारी," ती पुटपुटली. मग तिने दार उघडले. डेल्मरच्या पावलांचे ठसे बुजून गेले होते. तिने लाकडे आत घेतली.

चौदा इंच बर्फ पडले. परत जाताना कुंपणाची तार डेल्मरच्या हातून सुटली आणि तो शेतात भटकत राहिला. थंडीने गोठलेली त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे कापावी लागली. तो पट्टी बांधून कॅफेत आला तेव्हा मिलार्ड म्हणाला, "चला, आता नट आवळ असं याला कुणी म्हणणार नाही." मंडळी हसली.

वर्ना कोलाचे घेऊन आली. मला वाटले, आता ती सांगेल. तिने मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवले. "तुमची वस्तू," ती म्हणाली.

नट माझ्या अंगावर नव्हता. निघण्यापूर्वी तिने पकडीने तो उलटा फिरवून काढला होता आणि डब्यात परत टाकला होता.

डेल्मरने मला डाव्या हातात घेतले. माझ्या गंजक्या आट्यांवर ताज्या चकचकीत रेघा होत्या. नट चढवून काढला की अशा रेघा पडतात; सुताराला त्या वाचता येतात. त्याने मान वर करून वर्नाकडे पाहिले. ती तबकातले कोलाचे सारखे करत होती.

"खसखशीचा आहे का, वर्ना?" त्याने विचारले.

तिने एक त्याला बशीत दिला आणि ती गेली.

मित्रांनो, त्या रेघांवर आता पुन्हा गंज चढला आहे. मी अजून डेल्मरपुढेच असतो. घर बांधाल तेव्हा एकदा खाली उतरून बघा. रविवारवर काही ठेवू नका. वादळाला आकडा देण्याआधी शेजारच्या टेबलाशी कोण बसले आहे ते पाहा. आणि मला तेल लावू नका, पुसू नका. मला हवा आहे तो माझा नट, आणि तो वर्नाच्या डब्यात आहे. मागितला तर ती देणार नाही. तरी कुणीतरी मागा.