खंडेनवमीनंतरचे तीन लॉट

रबाळ्याच्या आमच्या कारखान्यात गिअरबॉक्सच्या पिना बनत, आणि त्या पुरेशा कडक आहेत की नाहीत हे ठरवायचा मक्ता माझ्याकडे होता. मी नंदकिशोर सामंत, डिप्लोमावाला इन्स्पेक्टर. कडकपणा मोजायच्या मशीनला मी कोणाला हात लावू देत नसे. हिऱ्याचं टोक पिनेवर दाबायचं, काटा अठ्ठावन्नच्या वर थांबला की माल पास. यात फुशारकी मारण्यासारखं काही नव्हतं, तरी मी मारत असे.

चौऱ्याऐंशीच्या दसऱ्यानंतर सलग तीन लॉट छप्पन्नावर अडकले. पिना तापवून कडक करायच्या भट्टीवर घणसोलीचा गोटीराम होता. त्याची भातशेती एमआयडीसीत गेली, त्या बदल्यात ही नोकरी, तीही सहा महिने काम बघून मग पक्की करायची. पाचवा महिना संपत आला होता. नोकरी गेली असती, तर शेतही नाही आणि पगारही नाही.

तिसरा लॉट नापास झाला तेव्हा पाळी बदलत होती, सगळे जमले होते. मी म्हणालो, "गोटीराम, भात लावणं आणि पोलाद कडक करणं यात फरक असतो." काही जण हसले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

गोटीरामने एक पिन उचलून तिच्यावर कानस फिरवली. "साहेब, कानस लागत नाय हिला. माल नरम नाय."

"कानशीवर आकडे नसतात," मी म्हणालो.

मॅनेजर रावसाहेबांनी त्याला कामावरून कमी करायची चिठ्ठी टाइप करून घेतली. सोमवारी द्यायची होती.

शनिवारी चौथा लॉट तपासायला बसलो, तर पिन ठेवायची छोटी ऐरण किंचित डुगडुगली. काढून पाहिली. बुडाला हळदीकुंकवाचा वाळलेला थर, त्यात चिकटलेल्या अक्षता. खंडेनवमीला मशीनची पूजा मीच केली होती. मोठ्या हौसेने ऐरण उपसून तिच्या बैठकीलासुद्धा कुंकू लावलं होतं. दाब पडला की तो थर दबे आणि काटा तीन-चार आकडे खाली येई. थर खरवडला, नापास केलेलीच पिन ठेवली. साठ. दुसरी एकोणसाठ.

याहून वाईट गोष्ट रजिस्टरात होती. रोज सकाळी मास्टर ब्लॉक, म्हणजे नेमका साठ कडकपणाचा पोलादी ठोकळा, लावून मशीन बरोबर दाखवतंय ना, ते बघायचं असा नियम होता. मी ब्लॉक डब्यातून न काढताच 'साठ' लिहून सही ठोकत होतो. रोज. माझी मलाच लाज वाटली.

रावसाहेबांना सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मशीनचा बिघाड लिहून टाका. चिठ्ठी मी फाडतो. रजिस्टर कोण बघतंय?" मी सुटलो असं वाटलं. तसंच लिहिलं.

भट्टीपाशी जाऊन म्हणालो, "गोटीराम, तुझे तिन्ही लॉट पास. मशीन बिघडलं होतं."

त्याने सांडशी खाली ठेवली. मग म्हणाला, "घरी बायकोला, गोजराला मी सांगितला, माजा हात गेला. मलाच खरा वाटाया लागला व्हता." मग त्याने विचारलं, "काय झाला व्हता मशीनला?"

पुन्हा खोटं बोलायची तयारी होती, पण जमलं नाही. पूजेपासून रजिस्टरपर्यंत सगळं सांगून टाकलं. तो चिडेल असं वाटलं होतं.

"बरा केलात सांगितलात," तो म्हणाला. "पन तवा तुमी सगल्यांम्होरं बोललात. आता बी सगल्यांम्होरं बोला."

पाळी बदलताना मी उभा राहिलो. रावसाहेब केबिनच्या दारातून मानेनेच नको नको म्हणत होते. समोर चाळीसेक माणसं, हातात डबे घेऊन थांबलेली.

"गोटीरामचा माल पहिल्यापासून कडक होता," मी म्हणालो. "मशीन बरोबर आहे का, हे मी एकदाही न बघता रोज सही केली."

कोणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं.