मिस्त्रींचा डबा कोण ओढणार

"हल्लीच्या गाड्या म्हणजे नुसता पत्रा. कुणी जोरात शिंकलं तरी पोचा पडेल."

हे बोलणं अंगणातल्या चाकांवरच्या लाकडी डब्याच्या खालून आलं. बाहेर फक्त मिस्त्रींचे पाय दिसत होते, एका पायात मोजा आणि दुसरा उघडा. बायको शेजारी स्टुलावर बसून मागतील तो पाना खाली सरकवत होती. मिस्त्री तिच्याशी बोलत नव्हते, चाकांच्या आसाशी बोलत होते. पण इतक्या वर्षांच्या संसारात आसाशी बोललेलं कुणासाठी असतं, हे तिला पाठ झालं होतं.

"एसयूव्ही म्हणे. नाव एवढं लांबलचक आणि कमरेत जोर नाही."

"मग घेऊ दे लेकीला पिकअप," ती म्हणाली.

"मी कुठे काय म्हटलं? ज्याची त्याची आवड. तो मोठा पाना दे."

तिने दिला. एसयूव्ही घ्यायची की पिकअप, या वादाने घरात ठाण मांडून आता बरेच आठवडे झाले होते, आणि त्यातली खरी गोष्ट तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. ती निवृत्त होईपर्यंत टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर बसायची. गल्लीत अजूनही तिला पार्सलबाईच म्हणत. वस्तू हातात आली की वजन तिला आधी कळायचं, काटा मागाहून हो म्हणायचा. किती जणांना तिने तोंडावर सांगितलं होतं, वजन जास्त होतंय, काहीतरी बाहेर काढा. गयावया करणाऱ्यांना सांगितलं, अंगावर येणाऱ्यांना सांगितलं, परदेशातल्या मुलाला स्वेटर पाठवणाऱ्या बाईलासुद्धा सांगितलं आणि तिला रुमालही दिला. आणि घरात मात्र तेच एक वाक्य तिच्या तोंडून निघत नव्हतं.

डबा जड झाला होता.

गोष्ट अशी होती. लेकीला फिरतं चष्म्याचं दुकान काढायचं होतं. दुसऱ्याच्या दुकानात तिने पुष्कळ वर्षं डोळे तपासले होते. तिथे लांबून येणारी म्हातारी माणसं तिने पाहिली होती. एकदा नंबर काढायला यायचं, एकदा चष्मा न्यायला यायचं. त्यातली निम्मी दुसऱ्यांदा यायचीच नाहीत, शेजाऱ्याचा चष्मा लावून भागवायची. तेव्हा आपणच त्यांच्या दारात जायचं, नंबर काढायचा, काच तिथल्या तिथे घासून बसवायची आणि चष्मा नाकावर ठेवूनच निघायचं, असं तिने ठरवलं. कर्ज मंजूर झालं, परवाना आला. मिस्त्री म्हणाले, ट्रेलरचा सांगाडा आणा, वरचं दुकान मी बांधतो.

"हलकं ठेवा हं, बाबा," लेक म्हणाली होती.

मिस्त्रींना हा शब्दच शिवीसारखा वाटायचा. हलकं लाकूड, हलकं काम, हलका माणूस. लेकीच्या दुकानाला ते काय म्हणून हलकं लाकूड लावतील?

आणि खरं सांगायचं तर, आत पाऊल टाकलं की पार्सलबाईचाही ऊर भरून यायचा. फ्रेमांसाठी खणांची भिंत केली होती. प्रत्येक खण बोटाने ढकलला की अर्ध्यावरून आपला आपण आत जायचा आणि मिटताना बारीकसा उसासा टाकायचा. अक्षरांचा तक्ता लांब लावायला जागा पुरेना, म्हणून तो पाठीमागे टांगून समोर आरसा बसवला होता. पोरांची कपाळं आपटू नयेत म्हणून सगळे कोपरे गोल केले होते. आणि पुढचा ओटा म्हणजे एक अखंड फळी. ही फळी मिस्त्रींनी घरच्या जेवणाच्या टेबलासाठी म्हणून लग्नापासून जपली होती. टेबल काही झालं नाही, आणि पार्सलबाईला त्याचं वाईट वाटायचं कारणही उरलं नव्हतं. फळी जिथे पोचायची होती तिथे पोचली होती.

फक्त एकेक वस्तू दोन माणसांनी उचलावी अशी झाली होती.

बोलता येत नव्हतं म्हणून तिने चोरट्या वाटेने हात घालून पाहिला. आतलं लाकडी स्टूल काढून प्लास्टिकचं ठेवलं. दुसऱ्या दिवशी लाकडी परत आलं आणि प्लास्टिकचं न्हाणीघरात गेलं. मग एकदा तिने दाराची पायरीच ओढत ओढत कोठीच्या खोलीत नेऊन ठेवली. मिस्त्रींनी ती शोधून काढली आणि जेवताना म्हणाले, "घरात चोर आला होता. पायरी कोठीपर्यंतच नेऊ शकला बिचारा. बरं झालं, भक्कम केली होती."

तिने त्यांच्या पानात आणखी भात वाढला.

बाकीच्यांचंही असंच. लेकीला बोलवेना, कारण बापाने गुडघ्याला पट्टा बांधून तो डबा उभा केलेला तिने पाहिला होता. लेकीची सासू म्हणजे पार्सलबाईची विहीण. तोंडाने तिखट, पण विहिणीच्या नवऱ्याच्या कामाला नाव ठेवलं तर ते नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरतं, एवढं ती जाणून होती. मग सगळे जण गाडीवर बोलत. गाडीवर बोलायला कुणाच्या बापाचं काय जातं?

अडचण जागेची होती. जावई जहाजावर, सहा सहा महिने समुद्रात. नात अजून अंगावर पिणारी. म्हणून लेक जाईल तिथे नातही जाणार आणि तिला सांभाळायला विहीणही जाणार, असं ठरलं होतं. एसयूव्हीत तिघी ऐसपैस मावत होत्या. पिकअप ओढायला जबर, पण त्यांच्या आवाक्यातल्या पिकअपला पुढे दोनच जागा. चार दारांचा पिकअप नुसता बघायलासुद्धा महाग होता.

"मला मागच्या हौद्यात खुर्ची टाकून द्या," विहीण म्हणायची. "हात हलवत जाईन. लोकांना वाटेल निवडणूक लागली."

सगळे हसायचे. हसून झालं की कुणीच कुणाकडे बघायचं नाही.

शेवटी लेकीने एसयूव्ही एका सकाळपुरती मागवली. शोरूमचा सेल्समन स्वतः घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर. गाडीच्या मागे डबा जोडायचा हुक लावून आणला होता. लेकीने आधी मागच्या सीटवर बाळाची खुर्ची पट्ट्याने घट्ट बांधली आणि बाळाला तिच्यात बसवलं. विहीण तिच्या शेजारी बसून पाय लांब करून पाहत होती.

सेल्समन डब्यात शिरला. एक खण ओढला, सोडला. मग दुसरा. मग पहिला पुन्हा.

"हे सगळं तुम्ही हाताने केलंत?"

"पायाने जमलं नसतं," मिस्त्री म्हणाले, पण त्यांचे कान लाल झाले.

"माझ्या आईला आणून दाखवतो एकदा. तिचाही चष्मा करायचाय." बाहेर येऊन त्याने डब्याच्या पुढच्या दांड्याला हात लावला आणि जरा थबकला. "काका, वजन किती भरतं याचं?"

लेक गाडीची काच पुसू लागली.

"असेल तेवढं असेल," मिस्त्री म्हणाले. "लावा."

लावला. गाडीचा मागचा भाग दमलेल्या माणसासारखा खाली बसला आणि नाक वर आलं. दिवे लावले असते तर समोरच्या घराच्या गच्चीवर उजेड पडला असता.

"अंगणाला उतार आहे," सेल्समन म्हणाला.

"टायरात हवा कमी असेल," विहीण आतून म्हणाली.

"नवीन गाडी आहे, स्प्रिंगा रुळायच्या असतील," लेक म्हणाली.

मग सगळ्यांनी पार्सलबाईकडे पाहिलं, कारण आता तिची पाळी होती. "ऊन फार आहे," ती म्हणाली, आणि तिची तिलाच लाज वाटली.

लेकीने विहिणीला आणि बाळाला उतरवलं आणि सेल्समनला शेजारी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत फेरी मारली. मिस्त्री मागोमाग चालत गेले, गुडघ्याचा पट्टा सावरत. वळणावर लेकीने ब्रेक दाबला तेव्हा डब्याने गाडीला मागून ढुशी दिली आणि गाडी हातभर पुढे सरकली. हे पार्सलबाईने फाटकातून पाहिलं. मिस्त्रींनी तर जवळून पाहिलं.

परत येताना मात्र लेकीने कमाल केली. अंगणाचं फाटक अरुंद, डबा रुंद. ट्रेलर मागे घेताना सगळं उलटं करावं लागतं, डबा डावीकडे न्यायचा तर चाक उजवीकडे फिरवायचं. भलेभले ड्रायव्हर घाम पुसतात. तिने खिडकीतून मान बाहेर काढली, ओठ आवळले आणि एका दमात डबा फाटकातून आत घेतला. कुठे खरचटलं नाही, काही नाही. सेल्समन खाली उतरून म्हणाला, "आमच्या शोरूममध्ये हे कुणाला येत नाही." पार्सलबाईला वाटलं, सगळ्या गल्लीने आत्ता खिडकीत यायला हवं होतं.

लेक उतरली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. ती म्हणाली, "वळणावर डबा मला ढकलत होता." मग लगेच, हसत, "चला, बरं झालं. ठरलं एकदाचं. पिकअपच घेते."

"पिकअप आरामात ओढेल," सेल्समन म्हणाला. "त्याला हे म्हणजे काहीच नाही."

म्हणजे मिस्त्री जिंकले होते. पहिल्यापासून त्यांचं हेच म्हणणं होतं. पार्सलबाईने त्यांच्याकडे पाहिलं. जिंकलेल्या माणसाचं तोंड असं नसतं.

लेक मागच्या सीटवर वाकून बाळाच्या खुर्चीचे पट्टे सोडवू लागली. एक निघेना. विहीण नातीला कडेवर घेऊन शेजारी उभी होती. आज तिलाही विनोद सुचला नाही. "आम्ही दोघी राहू घरी," ती म्हणाली. "वरच्या दुधाची सवय लावू हळूहळू. तू येशीलच की चार दिवसांआड."

"येईन ना," लेक म्हणाली. तिचं डोकं अजून गाडीतच होतं, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं.

मिस्त्री डब्यात गेले. आतून खण ओढल्याचा आवाज आला, मग मिटल्याचा, तो बारीक उसासा. मग तोच खण पुन्हा ओढल्याचा. पार्सलबाईने पदराला हात पुसले. आता बोलायलाच हवं होतं. रडू द्यायचं, रुसू द्यायचं, महिनाभर आसाशी बोलू द्यायचं. ती पायरीजवळ गेली.

"अहो, ऐका जरा. मला काय म्हणायचंय..."

"थांब," ते आतून म्हणाले.

ते बाहेर आले. ओटीपोटाशी एक खण धरला होता, रिकामाच, तरी दोन्ही हातांनी धरलेला. ते पायरीवर उभे राहिले, ताठ.

"तो पट्टा सोडू नकोस गं," ते लेकीला म्हणाले. "गाडीत काही खोट नाही. हीच घे."

"बाबा, अहो पण..."

"तुम्ही कुणी बोलणार नाही, मला माहीत आहे. चांगल्या घरातली माणसं तुम्ही." त्यांनी खण जरा वर उचलला, सगळ्यांना नीट दिसावा म्हणून. "डबा जड झालाय. मी केलाय, म्हणून मीच सांगतो, मीच हलका करीन. आणि इतका जड दुसऱ्या कुणाच्या बापाला जमला नसता."