शालिग्रामचं वाण

भर दुपारी घर अगदी गप्प होतं, तेवढ्यात पत्र्याच्या डब्याचं झाकण टक्कन निघालं. कोकिळा कितीही जपून उघडो, ते वाजायचंच. आतल्या खोलीत खाटेवर पडलेल्या शालिग्रामनं डोळे उघडले. डब्याच्या तळाला तिची बोटं घासली, तो आवाज त्यालाही ऐकू गेला असणार.

तळाशी चिमूटभर चुरा होता. तिनं डबा नाकाशी नेला. संत्र्याची साल नखानं सोलावी तसा वास, आणि त्याच्या मागून, अगदी हळू, ओव्याचा. असा वास दुसऱ्या कुठल्याच गांजाला नव्हता. हे वाणच तिच्या नवऱ्यानं, शालिग्रामनं, केलेलं होतं.

मेहकरकडच्या एका ठेकेदाराचं सरकारी परवान्याचं गांजाचं वावर शालिग्राम सांभाळायचा. नराची झाडं ओळखून ती फुलायच्या आत उपटायची, म्हणजे मादीच्या तुऱ्यात बी धरत नाही, हे त्याचं काम. त्या वावरातला गांजा निमाडी जातीचा, वासाला ओल्या कडब्यासारखा. ओढला की माणूस दगडासारखा पडायचा आणि उठला की डोकं जड. पुढे एका बैराग्यानं त्याला आपल्या डोंगराकडचं मूठभर बी दिलं. त्याची झाडं बुटकी, देठ जांभळे, वास तिखट. ते ओढणाऱ्याची झोप उडायची, छाती धडधडायची.

त्याच सुमारास गावात हायब्रीड ज्वारी आली. दोन जातींचा संकर कसा करतात, ते ग्रामसेवकानं पारावर बसून सांगितलं. बाकीचे तंबाखू मळत राहिले. शालिग्रामनं मात्र बैराग्याच्या वाणातल्या नराचा पराग निमाडी मादीच्या एका फांदीवर झाडला आणि दुसरा पराग लागू नये म्हणून तिला कोकिळेच्या जुन्या लुगड्याचं फडकं बांधलं. त्या बियांची झाडं त्यानं घरामागच्या वाफ्यात लावली. सगळी सारख्या उंचीची, सगळ्यांना संत्र्याचा वास. तो त्यांच्यात तासन् तास बसायचा. सासू, गोजरबाई, म्हणायची, लेकीच्या बारशाले इतका हरखला नव्हता बाप्पा हा.

आणि ती झाडं तुऱ्यावर आली तेव्हाच त्याच्या पोटातला गोळा हाताला लागू लागला. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि घरी न्या म्हणून सांगितलं. मग उपयोगी पडलं ते हेच. दोन झुरके घेतले की त्याच्या कपाळाची आठी सुटायची. झोप यायची, पण दगडाची नाही. हाक मारली तर ओ देणारी. उठला की भूक लागायची. अर्धी भाकर खायचा, लेकीला, वच्छीला, जवळ घेऊन तिच्या वेण्या उलट्यासुलट्या घालायचा.

म्हणून कोकिळेनं बी राखलं. इकडे सगळेच राखतात तसं. पीक चांगलं आलं की त्यातलंच पुढच्या सालाला. वावरातले नर आता तीच उपटत होती, पण वाफ्यातला एक नर तिनं मुद्दाम उभा ठेवला. बी वेचलं, राखेत चोळून मडक्यात ठेवलं, उरलेला गांजा डब्यात भरला. हायब्रीडचं बी दर सालाला नवं घ्यावं लागतं, असंही ग्रामसेवक म्हणाला होता. त्यावर अख्खा पार हसला होता. धुण्याला जाताजाता ते ऐकून तीही हसली होती.

यंदाची झाडं उगवली आणि वाढू लागली तशी ती बिचकली. एक कमरेला, एक डोक्यावरून. एकाचा देठ जांभळा, शेजारच्याचा हिरवा. तुरे आल्यावर ती वाकून वाकून एकेक हुंगत गेली. कडबा. तिखट. कडबा. एकाला तर वासच नाही. एका झाडाला संत्र्याची पुसट झाक होती. त्याचा तुरा तिनं सावलीत वाळवून चिलमीत भरला, तर शालिग्राम रात्रभर छाती धरून बसला. दुसऱ्या झाडाचा दिला, तर तो असा पडला की वच्छी पाय हलवून थकली. शुद्धीवर आल्यावर त्यानं एवढंच म्हटलं, "हे नाही वं." आज त्याला डब्यातलाच हवा होता.

ती डबा आणि चिलीम घेऊन आत गेली. डबा पालथा करून तळाचा चुरा तिनं चिलमीत झटकला. तिनं खालमानेनं सांगितलं, की बी तिनं राखलं, त्यातलं एकही तसं नाही निघालं. पुन्हा तोच संकर करायला बैराग्याचं बीही आता नाही.

"मीबी हेच केलं असतं," तो म्हणाला. मग चिलीम नाकाशी धरून बराच वेळ नुसता वास घेत राहिला. "मायबाप एकच, पण लेकरं आपापल्या वाटेनं गेले. पेटव आता."

ती पेटवत होती तेव्हा वच्छी परसातून आली. ओच्यात तुरेच तुरे, आजीनं हटकलं तरी खुडून आणलेले. तिनं ते खाटेवर ओतले, एकेक बापाच्या नाकाशी नेला. हा का? मग हा? तो प्रत्येक वेळी हसून नकाराची मान हलवायचा. ओचा रिकामा झाला. वच्छीनं पालथ्या पडलेल्या डब्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"माय, हे सरलं की बाबाले झोप कशानं येईन?"