बोट थांबतं तिथून

माझा नवरा ओमेश म्हणतो, घरात चमचाभर साखर कमी झाली तरी तू चौकशी समिती बसवतेस. बसवते मी. एकवीस वर्षं गोंदियातल्या शाळेत मराठी शिकवते आहे. दोन वह्यांत एकच चूक सापडली की कोणी कोणाचं पाहून लिहिलं ते मी नुसत्या अक्षरावरून सांगते. त्यामुळे ते पत्र आलं तेव्हा घाबरायच्या आधी मी अक्षरच पाहिलं.

पत्र मला आलेलं नव्हतं. माझा पहिला कथासंग्रह काढणाऱ्या नागपूरच्या प्रकाशकांना आलं होतं. त्यांनी त्याचा फोटो मला मोबाईलवर पाठवला. वहीतून फाडलेलं रेघी पान, निळी शाई, मोजून चार वाक्यं आणि खाली सही. ‘मंगळवारची गाडी ही कथा रेणू हिची नव्हे. ती मला बत्तीस वर्षांपासून ठाऊक आहे. शेवट खोटा आहे. ही कथा छापू नये. एक वाचक.’ पाकिटावर शिक्का गोंदियाचा.

‘मंगळवारची गाडी’ ही माझी कथा दिवाळी अंकाच्या स्पर्धेत पहिली आली होती आणि तिच्याच जोरावर पुस्तक निघत होतं. प्रकाशक माणूस सभ्य होता, पण बोलायला स्पष्ट. म्हणाला, मॅडम, कथा संपूर्ण तुमची आहे असं सोमवारपर्यंत लेखी द्या. नाहीतर ती गाळावी लागेल, आणि तीच गाळली तर पुस्तकात उरतं काय ते तुम्हीच सांगा.

मी झेरॉक्सवाल्याकडून त्या फोटोची प्रिंट काढली आणि भिंग घेऊन बसले. अक्षर विचित्र होतं. एकेक अक्षर सुटं, ताठ, वळण असं नाहीच. पुस्तकातल्या छापील अक्षरासारखं काढलेलं. हाताचं अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कोणीतरी मुद्दाम छापील काढलंय, दुसरं काय? ‘नव्हे’ अन् ‘ठाऊक’ लिहिणारा माणूस शिकलेला असणार. शिकलेला, गोंदियातला, माझ्यावर जळणारा. इतकं जुळल्यावर नाव शोधायला मला लांब जावं लागलं नाही.

आमच्या स्टाफरूममधले भुपेंद्र सर कविता करतात. त्याच अंकाला त्यांनीही काहीतरी पाठवलं होतं, ते परत आलं. माझा अंक वाचायला म्हणून नेला आणि आठ दिवसांनी मुकाट्यानं टेबलावर आणून ठेवला, चांगली म्हणाले नाहीत की वाईट. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. मी त्यांच्याकडून परीक्षेचं वेळापत्रक लिहून घेतलं, उगाच. अक्षर तिरपं, शेपट्या काढलेलं, कशाचा कशाला मेळ नाही. पण मुद्दाम बदललेलं अक्षर मुळात जुळणार तरी कसं? मी सगळ्यांसमोर टोमणा मारला की काही लोकांना दुसऱ्याचं चांगलं पाहवत नाही.

भुपेंद्र सरांनी चहाचा कप खाली ठेवला. “मॅडम, मला तुमची गोष्ट पूर्ण वाचायला वेळ नाही भेटला, तक्रार लिहायला कुठून भेटेल? पण तुम्ही एवढ्या तापल्या कायले? चोरली तर नाही ना?” म्हणाले, आणि हसले.

सगळे हसले. मला हसू आलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं माझं. कारण खरं सांगायचं तर ती गोष्ट मला कुठून सुचली ते मलाच माहीत नव्हतं.

मी गोंदियाजवळच्या कामठ्याची. आमच्या गल्लीत नंदामावशीच्या ओसरीवर रोज दुपारी चार-पाच बाया बिड्या बांधायला बसायच्या. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात कातरलेला तेंदूपत्ता आणि जर्दा. हात चालू, कान रिकामे. मी पाचवीत होते आणि वाचायचं मला भलतंच वेड होतं, पण घरात वाचायला पंचांगाशिवाय काही नव्हतं. मग मी गुलाबचंदच्या किराणा दुकानातल्या पुड्या वाचायची. त्याच्याकडे रद्दीचे गठ्ठे यायचे, साप्ताहिकं, जुन्या पुरवण्या. डाळ घरी आली की मी आधी कागद ओढायची. गोष्ट अर्धी निघाली की दुसऱ्या दिवशी जाऊन त्याच गठ्ठ्यातल्या पुढच्या कागदात साखर बांधून मागायची. तो वैतागायचा.

ते कागद घेऊन मी ओसरीवर जायची आणि त्या बायांना वाचून दाखवायची. ओळीखाली बोट ठेवून, मोठ्यांदा. पण पुडीचा कागद तो. कधी सुरुवात नाही, कधी शेवट नाही. ऐन वेळी, म्हणजे सासरा काठी घेऊन दारात उभा आहे आणि कागद संपला. बाया म्हणायच्या, “मंग?” पाचजणी माझ्याकडे बघून राहिल्यात, कोणाची बिडी अर्धी वळलेली. मी काय करणार? कागदाकडे बघत पुढचं मनानं सांगायची. कधी चार वाक्यं, कधी चार दिवस पुरेल इतकं. आज लोक विचारतात की तुम्ही लिहायला कशा लागलात, तेव्हा मी मोठमोठी कारणं देते. खरं कारण तो ‘मंग’ आहे.

आता बत्तीस वर्षांनी त्यातलं छापील कोणतं आणि माझं कोणतं, हे कोण सांगणार? माझ्या कथेतली बाई दर मंगळवारी बाजाराच्या दिवशी हिरव्या-पिवळ्या वायरची थैली भरून एसटीच्या फाट्यावर येऊन बसते. गाडी येते, ती चढत नाही, घरी जाते. शेवटी एका मंगळवारी ती फाट्याऐवजी तलावाकडे जाते आणि दुसऱ्या दिवशी पाण्यावर नुसती थैली तरंगताना दिसते. परीक्षकांनी शेवटाचं फार कौतुक केलं होतं. ही बाई मी कुठल्यातरी पुडीवर वाचली असेल तर? मी चोर असेन आणि मलाच पत्ता नसेल तर? दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

त्या बायांपैकी गावात उरली होती एक नंदामावशी. शनिवारी शाळा सुटल्यावर मी स्कूटी काढली, अंक आणि ती प्रिंट पर्समध्ये टाकली आणि कामठ्याला गेले.

घर आता सिमेंटचं झालं होतं. बाहेर खाटेवर तिचा नवरा दुधराम ऊन खात बसला होता. याच माणसाचा आवाज एके काळी अख्ख्या गल्लीला ऐकू जायचा, आणि त्यानंतर नंदामावशी दोन-दोन दिवस डोक्यावरचा पदर गालावर ओढून बिड्या बांधायची. आता त्याला ऐकू येत नव्हतं. त्यानं मला ओळखलं नाही. सून रुची मात्र धावत आली. बाई, तुमची गोष्ट वाचली मी अंकात, म्हणाली, आईंना पण पूर्ण वाचून दाखवली, आपल्या गावच्या आहेत म्हणून. चहा ठेवते म्हणून ती आत गेली.

नंदामावशी मागच्या बाडीत, परसातच, धानाच्या तणसाच्या ढिगाला पाठ टेकून लाखोरीची डाळ निवडत बसली होती. साठी उलटलेली, पण हाताची चलाखी तीच. मला बघून आनंद झाल्यासारखी दिसली नाही. बस म्हणाली, आणि डाळ निवडत राहिली. इथं काहीतरी पाणी मुरतंय असं मला वाटलं. मी घरचं विचारलं, तिनं हूं केलं. पोरांचं विचारलं, तिनं हूं केलं. ताकास तूर लागू देईना. शेवटी मी सरळच विचारलं की मावशी, ती थैलीवाल्या बाईची गोष्ट मी तुम्हाला कागदावरची वाचून दाखवली होती, की मनानं सांगितली होती?

“कायले पाहिजे तुले?”

मी पर्समधून प्रिंट काढली. म्हटलं, माझ्याविरुद्ध कोणीतरी पत्र लिहिलं आहे, हे बघा. वाचता न येणाऱ्या बाईला कागद दाखवून उपयोग काय, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. तिनं तो हातात घेतला. घाईत मी उलटा दिला होता.

नंदामावशीनं तो सुलटा केला.

एवढंच. न बघता केल्यासारखा, सहज. मग तिच्या लक्षात आलं आणि तिचे हात थांबले. मी तिच्याकडे बघत होते, आणि त्या कागदाकडे. सुटी, ताठ, छापील अक्षरं. शाळेत न जाता, कोणी हात धरून न गिरवता, नुसतं छापलेलं बघून बघून जी शिकली, ती दुसरं कसं लिहिणार? आणि मी चार दिवस भिंग घेऊन बसले होते. अशी अक्कल माझी.

“मावशी, तुम्हाला वाचता येते?”

“हळू बोल.” तिनं घराकडे पाहिलं. “कोनाले माहीत नाही. आजही बँकेत अंगठाच लावतो मी.”

कुठं शिकलात, मी विचारलं.

“तूच शिकवलं. मी तुझ्या बाजूनंच बसत जाव ना. तुझं बोट अक्षराखाली चाले अन् तोंडातून शब्द निघे. त्या बोटाच्या मागं मागं मी गेली. सहा महिन्यांत मले समजाले लागलं. मंग एक दिवस पाहतो तं काय, बोट कागदाच्या खाली येऊन थांबलं अन् तोंड चालूच. तवा समजलं, पोट्टी मनानं सांगून राहिली.”

माझे कान तापले. बत्तीस वर्षं मला वाटत होतं की मी त्यांना फसवलं.

“मग बोलल्या का नाहीत?”

“कायले बोलू? छापलेल्यापेक्षा तुझं बरं राहे.”

कोणत्याही परीक्षकानं मला असं सर्टिफिकेट दिलेलं नाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, पण तिनं ते मला पुसूही दिलं नाही. लगेच पुढचं बोलली, तेही डाळीकडे बघत.

“मंगळवारी दुधराम बाजारात जाय. मी थैली भरून फाट्यावर जाऊन बसो. माहेरले जायचं, आता परत यायचंच नाही म्हनून. गाडी ये. अन् मनात ये, दुपारी पोट्टी पुढं काय सांगते ते तं ऐकून घेऊ, मंग जाऊ. असे किती मंगळवार गेले. तू शाळेतून येताना पाहे मले तिथं. माझी थैली पाहे. मी तुझ्यासाठी परत येत जाव, रेणू. अन् तू मले तलावात टाकली.”

मला लाज वाटली, सरळ सांगते. कागदावरून चोरलं की काय म्हणून मी मरत होते, आणि चोरलं होतं ते या बाईच्या मांडीवरून. ते शेवटाचं कौतुक आठवून मला कसंतरीच झालं. मी पुटपुटले की मावशी, स्पर्धेत तसाच शेवट चालतो.

“चालत असन. मी जिती आहो.” मग म्हणाली, “सुनेनं वाचून दाखवली अन् ती रडली. बिचारी मेली म्हने. मी समोर बसली होती. थैली आताही त्या खोलीत खुंटीवर आहे. पेपरात तुझ्या पुस्तकाची जाहिरात पाहिली मी, पत्त्यासकट. उद्या पुस्तक निघन, गावात येईन, कोनी ना कोनी ओळखन. मेलेली म्हनून ओळखन. नको छापू.”

माझ्या पुस्तकाचं काय होईल हे मला त्या क्षणीही सुचलंच, खोटं कशाला बोलू. सोमवार डोळ्यांसमोर होता. ‘कथा संपूर्ण माझी आहे’ असं मी आता कोणत्या तोंडानं लिहून देणार? मी म्हटलं, ठीक आहे मावशी, गाळते.

तिनं हात पुसले आणि माझ्या पर्सकडे बोट दाखवलं. “तो अंक आनला का? दे इकडे. सून घाईघाईनं वाचते.”

तिनं अंक मांडीवर घेतला, माझी कथा बरोबर काढली आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागली. ओठ हलत होते, आवाज नाही. पान उलटायच्या आधी खालच्या ओळीवर क्षणभर थांबायची, अगदी मी थांबायची तशी. तेवढ्यात रुची चहा घेऊन आली. नंदामावशीनं अंक मांडीवरच फिरवून उलटा केला आणि म्हणाली, “चित्रं चांगली आहेत व.” रुची हसली. आई, उलटा धरला तुम्ही, म्हणाली, आणि सुलटा करून देऊन गेली. नंदामावशीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चहाचा घोट घेतला आणि सोडलेली ओळ शोधून काढली.

शेवटच्या पानावर आली. बाई थैली घेऊन घरातून निघते, इथपर्यंत बोट चालत आलं. पुढच्या ओळीत तलाव होता. बोट थांबलं.

तिनं तळहात पालथा करून खालचा सगळा मजकूर झाकला.

“इथून पुढं सांग,” ती म्हणाली. “अन् थैली लाल कर.”

मी त्या पालथ्या हाताकडे बघत राहिले. माझ्याकडे काहीच तयार नव्हतं, पाचवीत नसायचं तसंच. मी म्हटलं, त्या मंगळवारी गाडी उशिरा आली. बाई उठली. लाल थैली खांद्याला लावली. कंडक्टर म्हणाला, चढायचं का बाई? बाई म्हणाली, थांबा जरा...

“थांबत नाही तो.”

थांबत नाही, मी म्हटलं. गाडी निघून जाते. धूळ खाली बसते.

नंदामावशीसमोरची डाळ तशीच पडली होती. हात अजून कागदावरच होता.

“मंग?” ती म्हणाली.